एका क्रेडिटसाठी अडकलेली पदवी

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात बी.कॉम. केलंत, काही वर्षं बँकेत नोकरी केलीत, मग नवऱ्याच्या कामामुळे व्हर्जिनियात आलात. एच-फोर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर नुसतं घरी बसवेना म्हणून कम्युनिटी कॉलेजात एखाददुसरा कोर्स घेतलात, गोडी लागली, आणि बघता बघता आयटीच्या असोसिएट, म्हणजे दोन वर्षांच्या, डिग्रीचे जवळपास सगळे क्रेडिट झाले. ग्रेड उत्तम. पदवीसाठी अर्ज केलात तर डिग्री ऑडिटमध्ये, म्हणजे पदवीच्या अटींच्या तपासणीत, एकच ओळ अपुरी निघाली: एसडीव्ही १००, कॉलेज सक्सेस स्किल्स, एक क्रेडिट. तुम्ही वैतागून विचारलंय की दोन मुलं, घर आणि प्रीकॅल्क्युलस एकाच वेळी सांभाळून झाल्यावर आता मला वेळेचं नियोजन कोण शिकवणार? हा कोर्स माफ होतो का, होत नसेल तर कमीत कमी त्रासात कसा उरकायचा, आणि असला कोर्स पदवीलाच सक्तीचा करण्यात काय अर्थ आहे? शिवाय अकरावीतल्या मुलीला डुअल एनरोलमेंटमध्ये, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे क्रेडिट मिळवायच्या योजनेत, हाच कोर्स सुचवलाय, तो तिनं घ्यावा का?

मी व्हर्जिनियातच कम्युनिटी कॉलेजात ॲडव्हायझर आहे आणि बरीच वर्षं हा कोर्स शिकवते. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. तरीही सुरुवातीलाच सांगते, तुमची चिडचिड रास्त आहे. फक्त ती कोर्सवर काढू नका. गडबड कोर्समध्ये कमी आणि तो कधी मागितला जातो यात जास्त आहे.

आधी व्यवहाराचं बोलू. व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज सिस्टिममध्ये २३ कॉलेजं येतात आणि हा नियम त्या सगळ्यांना आहे: डिग्रीच्या प्रोग्रॅममध्ये नाव घातलेल्या विद्यार्थ्यानं पहिल्या १५ क्रेडिटच्या आत एसडीव्हीचा कोर्स घ्यायचा. इथे 'प्रोग्रॅममध्ये नाव घातलेल्या' हे शब्द महत्त्वाचे. तुम्ही आवड म्हणून सुरुवात केलीत, तेव्हा कॉलेजच्या लेखी तुम्ही डिग्री करतच नव्हता. अशा विद्यार्थ्याला कोणी एसडीव्हीबद्दल विचारत नाही, ॲडव्हायझरकडे जाही म्हणत नाही. पुढे तुम्ही प्रोग्रॅम जाहीर केलात, तोवर १५ क्रेडिट केव्हाच मागे पडले होते. सिस्टिमनं ती अट यादीत गुपचूप जोडली आणि शेवटी ऑडिटच्या वेळी ती वर आली. नोकरी करणारे, मुलांच्या शाळेच्या वेळा बघून एकेक कोर्स घेणारे, आपल्यासारखे बाहेरून आलेले, यांच्या बाबतीत हे हमखास होतं. तुमच्या हातून काही राहिलं असं समजू नका.

माफीचं काय? आधीची डिग्री असलेल्यांना बहुतेक कॉलेजं या कोर्समधून सूट देतात. अडचण 'आधीची डिग्री' कशाला म्हणायचं यात आहे. अमेरिकन विद्यापीठाची असेल तर प्रश्नच नाही, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, पाठवला की काम होतं. भारतातली असेल तर आधी तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि ते कॉलेज ज्यांचं मानतं अशाच संस्थेकडून. डब्ल्यूईएसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मूल्यांकन दोन प्रकारचं असतं. एक नुसतं 'ही पदवी अमुक पदवीच्या बरोबरीची' असं सांगणारं, आणि दुसरं एकेका विषयाचं क्रेडिट आणि ग्रेड देणारं. दुसरं महाग असतं, पण विषय ट्रान्सफर करून हवे असतील तर तेच लागतं. आपल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ची इथे एक मेख आहे. काही ठिकाणी ती बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही ठिकाणी 'तीन वर्षांचं पदवी पातळीवरचं शिक्षण' एवढंच लिहून देतात. दुसरा शेरा आला तरी डगमगू नका. कित्येक कॉलेजांत ठरावीक संख्येनं बाहेरचे क्रेडिट ट्रान्सफर झाले असले, तरी सूट मिळू शकते. ते कॉलेजागणिक बदलतं, त्यामुळे मी इथून आकडा सांगणार नाही.

आता हिशोब करा. मूल्यांकनाची फी, पुण्याहून सीलबंद मार्कशीट मागवण्याची यातायात, त्यात जाणारे आठवडे. विद्यापीठाच्या खिडकीवर तुमच्या वतीनं खेटे घालायला भाऊ किंवा वडील तयार असतील तर गोष्ट वेगळी. नाही तर एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला एक क्रेडिटची फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांच्या (इन-स्टेट) दरानं दीडशे डॉलरच्या वर काहीतरी, आणि काही आठवडे. नुसती ही अट माफ करून घ्यायची म्हणून मूल्यांकन करू नका. पण पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायचा बेत असेल तर ते मूल्यांकन कधी ना कधी लागणारच. मग आत्ताच करून घ्या आणि त्याच कागदावर ही सूटही मागा. तुमच्या प्रश्नात ट्रान्सफरचा उल्लेख नाही, म्हणून दोन्ही सांगितलं.

कोर्स घ्यायचाच ठरला तर सोळा आठवड्यांचा वर्ग शोधत बसू नका. बहुतेक कॉलेजांत आठ आठवड्यांचे, त्याहून छोटे, आणि सेमिस्टरच्या मध्यावर सुरू होणारे ऑनलाइन वर्ग असतात. तुमच्या कॉलेजात जागा नसेल तर याच सिस्टिममधल्या दुसऱ्या कॉलेजात घ्या. पदवी देणाऱ्या कॉलेजात किमान पाव हिस्सा क्रेडिट झालेले असले की पुरतं, आणि तुमचे तर सगळेच तिथले आहेत. एसडीव्ही १०० च चालतो असंही नाही. एसडीव्ही १०१ म्हणून विशिष्ट शाखेची ओळख करून देणारा कोर्स असतो आणि बहुतेक वेळा तोही चालतो. त्यात आयटीचा वर्ग मिळाला तर तोच घ्या, तुमच्या कामाचं काहीतरी तरी कानावर पडेल. परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायची सोय आहे का, तेही विचारून ठेवा. काही ठिकाणी असते. आणि हे सगळं ॲडव्हायझरशी नुसतं तोंडी बोलून सोडू नका. पदवीचा निर्णय रजिस्ट्रारच्या कार्यालयात होतो. ॲडव्हायझर 'चालेल बहुतेक' म्हणाला तर ते लेखी मागा. मी स्वतः ॲडव्हायझर असून हे सांगते आहे.

इथवरचा सारांश एवढाच: मूल्यांकन नाही तरी करणार असाल तर सूट मागा, नसाल तर मधूनच सुरू होणारा छोटा ऑनलाइन वर्ग घेऊन मोकळ्या व्हा. आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते: हा कोर्स सक्तीचा का.

याची मुळं जुनी आहेत. नव्यानं आलेल्या मुलांना कॉलेज म्हणजे काय हे शिकवायचं आणि त्याचं क्रेडिटही द्यायचं, हा प्रयोग ओरेगॉनच्या रीड कॉलेजनं १९११ साली केला. पण आज जो कोर्स सगळीकडे दिसतो त्याचा घाट दक्षिण कॅरोलायनाचा. मे १९७० मध्ये, व्हिएतनामचं युद्ध आणि ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारानंतर, साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्यार्थी प्रशासनाच्या इमारतीत शिरले. कुलगुरू होते थॉमस जोन्स. मुलांना संस्था आपली वाटावी आणि प्राध्यापकांनाही मुलं कळावीत, म्हणून त्यांच्या पुढाकारानं १९७२ मध्ये युनिव्हर्सिटी १०१ सुरू झाला. १९७४ पासून पंचवीस वर्षं जॉन गार्डनर यांनी तो चालवला, आणि देशभरातली कॉलेजं त्यावरून आपापले कोर्स बेतू लागली. गंमत अशी, की ज्यावरून सगळ्यांनी उचललं तो कोर्स तिथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना आजही ऐच्छिक आहे, आणि तरी पहिल्या वर्षातली बहुसंख्य मुलं तो घेतात.

मग आमच्याकडे सक्ती का? कारण आमच्याकडची मुलं वसतिगृहात राहत नाहीत. अठरा वर्षांचा मुलगा घर सोडून मोठ्या विद्यापीठात आला की पहिल्या आठवड्यात सगळे करतात ते करतो. कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थी कामावरून थेट वर्गात येतो आणि वर्गातून थेट पार्किंगमध्ये जातो. पुढच्या विद्यापीठात मोजला जाईलच असं नाही, असा एक क्रेडिट स्वतःहून विकत घ्यायला तो का जाईल? ऐच्छिक ठेवला की घेतात कोण, तर ज्याला आधीच सगळं ठाऊक आहे तो. घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलंच माणूस असलेली मुलगी, जिला 'विदड्रॉ' (उशिरा कोर्स सोडणं) आणि 'ड्रॉप' (सुरुवातीच्या मुदतीतच नाव काढणं) यातला फरक कोणी सांगितलेला नाही, ती घेत नाही. कारण आपल्याला काय माहीत नाही हेच तिला माहीत नसतं. एवढ्यापुरतं सक्तीचं कारण मला पटतं.

उपयोग होतो का, याचं उत्तर मात्र सरळ नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या संशोधकांनी आमच्याच व्हर्जिनियाच्या विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली होती. ज्यांनी हा कोर्स सुरुवातीलाच घेतला, त्यांनी पहिल्या वर्षात कॉलेज पातळीचे क्रेडिट मिळवण्याचं आणि दुसऱ्या वर्षी टिकून राहण्याचं प्रमाण जास्त होतं. त्याआधी फ्लोरिडाच्या आकडेवारीतही असंच चांगलं चित्र दिसलं होतं. पण अशा अभ्यासात एक खोट राहतेच. लवकर कोर्स घेणारा विद्यार्थी मुळातच जास्त नीटनेटका असेल, तर श्रेय कोर्सला द्यायचं की स्वभावाला? म्हणून चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग पाहायचा. उत्तर कॅरोलायनातल्या गिलफर्ड टेक्निकल कम्युनिटी कॉलेजात तो झाला. ९०० हून जास्त विद्यार्थी, काहींना कोर्स, काहींना नाही, कोण कुठल्या गटात हे निव्वळ नशिबावर. एमडीआरसी या संस्थेनं २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. कोर्स घेतलेल्यांचा स्वतःवरचा ताबा, स्वतःची जाण, इतरांची मदत घेण्याची तयारी यात सुधारणा दिसली. ग्रेड आणि क्रेडिट यांवर एकंदरीत फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष आमच्या लोकांना आवडत नाही. मला तो खरा वाटतो, कारण त्याच्या उलट बाजूचं उदाहरणही समोर आहे. न्यूयॉर्कच्या क्यूनी विद्यापीठानं २००७ मध्ये एसॅप नावाची योजना काढली. त्यातही पहिल्या काही सेमिस्टरमध्ये असा सेमिनार होता, पण सोबत बऱ्याच गोष्टी होत्या: मोजके विद्यार्थी सांभाळणारा आणि वारंवार भेटणारा ॲडव्हायझर, फीमधला उरलेला फरक भरून काढणं, पाठ्यपुस्तकांचा खर्च, मेट्रोचं कार्ड, आणि त्या बदल्यात पूर्ण वेळ शिकण्याची अट. तीन वर्षांत पदवी मिळवणारे एसॅपमध्ये सुमारे ४० टक्के, बाहेरच्या तुलनेच्या गटात सुमारे २२. एका क्रेडिटचा कोर्स एकट्यानं हे करू शकणार नाही. भोवती माणसं असतील, तर त्या माणसांपर्यंत नेणारी पायवाट म्हणून तो कामाला येतो.

आता माझं मत. या कोर्सचा उपयोग पहिल्या सहा-सात आठवड्यांत आहे, म्हणून तो पहिल्या सेमिस्टरला सक्तीचा करावा. पदवीची अट म्हणून ठेवला की सक्ती नेमकी उलट्या टोकाला लागते. जरा विचार करा, पदवीच्या दारात ही अट अडवते कोणाला? तुमच्यासारख्यांना, म्हणजे जे तरून आले त्यांना. ज्याला हा कोर्स खरंच हवा होता तो पहिल्या हिवाळ्यातच कॉलेज सोडून गेला. त्याचं ऑडिट कधी निघतच नाही. नियमात '१५ क्रेडिटच्या आत' असं लिहिलेलं असतं, पण ते पाळलं जातंय का हे बघायचं तर दुसऱ्या सेमिस्टरच्या नोंदणीला आडकाठी घालावी लागते, आणि नोंदणी घटेल या भीतीनं ती घालायला कोणी धजत नाही. मग ती आडकाठी सरकत सरकत पदवीच्या अर्जापर्यंत येते. तिथे ती घालायला कोणाला काही खर्च येत नाही.

तुमच्या-माझ्या पिढीला अशी सक्ती नवीन नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे भारतात पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला, ते आठवा. यूजीसीनं अभ्यासक्रम आखला, २००४ च्या सुमारास तो सगळीकडे लागू झाला. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात काय झालं, तर 'पर्यावरण' म्हटल्यावर बहुतेकांना आठवते ती वरच्या वर्गातल्या कोणाची तरी मागून आणून उतरवलेली प्रोजेक्टची वही, आणि ती दिली नाही म्हणून राखून ठेवलेला निकाल. विषय वाईट होता असं कोणी म्हणणार नाही. पण सक्ती शेवटी निकालाच्या कागदावरच उरली की विद्यार्थ्याला आणि शिकवणाऱ्यालाही एकच कळतं, की हे उरकायचं आहे. आमचा एसडीव्ही काही कॉलेजांत त्या वाटेला लागलाय, हे मी नाकारत नाही.

बरं, वर्गात नेमकं काय होतं? तुम्हाला वाटतंय तसं टाइम मॅनेजमेंटचं प्रवचन काही शिक्षक देतात खरं. त्याहून वाईट म्हणजे 'तुम्ही बघून शिकता, ऐकून शिकता की हातानं करून शिकता' ही प्रश्नावली. मुलांना ती फार आवडते, राशीभविष्यासारखी. पण माणसाच्या 'शैली'नुसार शिकवलं की तो जास्त शिकतो, याला भक्कम पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात मांडलं गेलंय. मी ती प्रश्नावली वर्गातून काढून टाकली. त्या तासाला मुलांना दुसऱ्या कोर्सचं एक प्रकरण आणायला सांगते, पुस्तक मिटून जेवढं आठवेल तेवढं लिहायला लावते, मग पुस्तक उघडून तपासायला सांगते. पिवळा मार्कर घेऊन चार वेळा वाचण्यापेक्षा हे किती तरी चांगलं, आणि यामागे पुरावाही आहे.

मी सर्वात जास्त वेळ देते तो दोन गोष्टींना. पहिली सिलॅबसला. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येकानं आपल्या इतर कोर्सचे सिलॅबस छापून आणायचे आणि त्यात खुणा करायच्या: उशिरा दिलेल्या असाइनमेंटला काय होतं, शेवटच्या परीक्षेचं वजन किती, कॅलेंडरमध्ये कुठल्या आठवड्यात तीन गोष्टी एकदम आदळतात, आणि विदड्रॉ करायची शेवटची तारीख कोणती. ही तारीख आमच्याकडे कोर्सचा ६० टक्के काळ संपतो तिथे असते. तिच्या आत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' लागतो, जीपीएला धक्का बसत नाही. नंतर सोडला, किंवा नुसतं जाणंच बंद केलं, तर 'एफ' लागू शकतो. वर्गात जाणं बंद केलं म्हणजे नाव आपोआप कमी होईल असं समजणारी मुलं दरवर्षी भेटतात. ज्यांना सरकारी आर्थिक मदत मिळते त्यांना तर 'डब्ल्यू'ही फुकट नसतो, कारण घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन तृतीयांश पुरे केले नाहीत तर मदत अडते. एच-फोरवर ती मदत मिळतच नाही, त्यामुळे तुमचा हा जाच वाचलाय. पण तुमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना तो होता, आणि त्यातले किती जण गुपचूप गळाले ते तुम्ही पाहिलं असेल.

दुसरी गोष्ट पुढचा आराखडा. इथे मी गणितावर अडून बसते. क्वांटिटेटिव्ह रीझनिंग, म्हणजे एमटीएच १५४, हा सोपा म्हणून मुलांचा लाडका कोर्स. इंग्रजी, इतिहास करणाऱ्याला तो पुरतो. पण ज्याला पुढे कॉम्प्युटर सायन्स करायचंय त्याला कॅल्क्युलस, म्हणजे एमटीएच २६३, लागतो, आणि तिथवर जायची वाट प्रीकॅल्क्युलसमधून जाते. १५४ केलेला माणूस त्या वाटेवर एक पाऊलही पुढे आलेला नसतो. हे कळायला दुसरं वर्ष उजाडलं तर तिथून एक-दोन सेमिस्टर मागे जावं लागतं. म्हणून वर्गात प्रत्येकाला ज्या विद्यापीठात जायचंय त्याचं ट्रान्सफर गाइड उघडायला लावते आणि उलट्या दिशेनं आखायला सांगते: तिथे तिसऱ्या वर्षाला काय लागतं, ते करायला आधी काय, त्याआधी काय, आणि मग आज काय. ज्याला कुठे जायचं ते ठरलेलं नाही त्यानं दोन शक्यता धरून आखायचं आणि दोन्हीत चालेल असं गणित घ्यायचं. विद्यार्थी हे एकटा करू शकत नाही असं नाही. पण कोणी समोर बसवून करून घेतल्याशिवाय करत नाही, हा माझा अनुभव.

आपल्याकडून आलेल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट मुद्दाम घेते, ती म्हणजे प्राध्यापकाला जाऊन भेटणं. 'सरांना कशाला त्रास द्यायचा' हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. ऑफिस अवर्स ही प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना भेटायला राखलेली वेळ, पण सर कामात असतात ती वेळ असा अर्थ लावून नेमक्या त्याच वेळी न जाणारी मुलं मी पाहिलीत. म्हणून माझ्या वर्गात एक असाइनमेंट असते: एका प्राध्यापकाला दहा मिनिटं भेटून या, काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते लिहा. सेमिस्टरच्या शेवटी कशाचा उपयोग झाला असं विचारलं की पुष्कळ जण हेच सांगतात. घाबरत गेलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्यांदा न सांगता जातात. आणि गिलफर्डच्या प्रयोगात जे सुधारलं, इतरांची मदत घेण्याची तयारी, ते हेच असावं असं मला वाटतं.

यातलं तुम्हाला काही उपयोगाचं आहे का? फार थोडं. तुम्ही धडपडत का होईना, हे सगळं स्वतः शोधून काढलंत. म्हणूनच म्हणते, आधीची पदवी असलेल्या किंवा ४० क्रेडिट चांगल्या ग्रेडनं पार केलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला ही अट आपोआप माफ व्हायला हवी, अर्ज न करता. ती सोय होईपर्यंत मात्र एवढंच करा, की कोर्समधल्या आराखड्याच्या असाइनमेंटला आपल्या खऱ्या ट्रान्सफरचा कागद बनवा. करायचंच आहे तर तेवढं तरी पदरात पाडून घ्या.

मुलीबद्दल. भारतात आता इंजिनिअरिंगला एआयसीटीईचा तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम असतो आणि यूजीसीनं २०१९ मध्ये दीक्षारंभ काढला, तसलं काहीतरी असेल असं समजून तुम्ही हो म्हणायच्या बेतात आहात असं दिसतं. तसं नाही. ते आल्याआल्या उरकणारे स्वागताचे कार्यक्रम. हा ग्रेड देणारा कोर्स आहे आणि ती ग्रेड तिच्या कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते. ती बारावीनंतर कम्युनिटी कॉलेजात येणार असेल तर आत्ताच घेतल्यानं तुमच्यासारखी अडकणार नाही, तेवढा फायदा आहे. थेट चार वर्षांच्या विद्यापीठात जाणार असेल तर हा क्रेडिट तिथे पदवीत मोजला जाईलच असं नाही, आणि त्या विद्यापीठाचा स्वतःचा पहिल्या वर्षाचा सेमिनार असेल तर तो तिला करावाच लागेल. शिवाय शाळेच्या बाकावर बसून ऑफिस अवर्सचा सराव काय होणार? मी असते तर ती जागा इंग्रजी कॉम्पोझिशनला किंवा गणिताला दिली असती. दोन्ही जवळपास सगळीकडे मोजले जातात.

आणि तिनं डुअल एनरोलमेंटमधला कुठलाही कोर्स घेतला, की कॉलेजच्या नोंदींवर फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या, कायद्यानं हक्क तिचा राहतो, तुमचा नाही, ती सोळा वर्षांची असली तरी. ग्रेड विचारायला फोन केलात तर आम्ही फोनवर काही सांगत नाही. मराठी आईबापांचे असे रागावलेले फोन मला अधूनमधून येतात, आणि मराठीत बोलल्यानं कायदा बदलत नाही. तिचं लॉगिन ती स्वतः उघडून दाखवेल असं आत्ताच ठरवून घ्या.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात करायचं ते असं. पदवीच्या अर्जाची मुदत आणि मध्यावर सुरू होणाऱ्या वर्गांची शेवटची नोंदणी, दोन्ही तारखा कॉलेजच्या कॅलेंडरवर बघा. रजिस्ट्रारला ऑडिटच्या पानासह एक ईमेल करा: बी.कॉम.च्या आधारे एसडीव्हीची सूट मिळेल का, त्याला कोणत्या प्रकारचं मूल्यांकन चालेल, आणि सूट नाकारली तर पदवीचा अर्ज पुढच्या सेमिस्टरला आपोआप सरकतो की पुन्हा करावा लागतो. उत्तर येईपर्यंत छोट्या वर्गात नाव घालून ठेवा. सूट मिळालीच तर पैसे परत मिळायच्या मुदतीत ते काढता येतं, आणि ती मुदत छोट्या वर्गांना फार लहान असते, कधी कधी वर्ग सुरू झाल्यावर काही दिवसांचीच.